स्पार्क प्लगची निवड आणि तपासणी : मोटारमालकाच्या यंत्रज्ञानाचा इतिहास

प्रस्तावना

मोटारीचा इतिहास बहुधा कारखानदारांचा, शर्यतींचा आणि नव्या नमुन्यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. मोटार विकत घेतल्यानंतर ती वर्षानुवर्षे चालती ठेवणाऱ्यांचा इतिहास त्यात क्वचितच येतो. अमेरिकेच्या संदर्भात कॅथलीन फ्रान्झ यांचा ‘टिंकरिंग’ (२००५) आणि केव्हिन बोर्ग यांचा ‘ऑटो मेकॅनिक्स’ (२००७) या ग्रंथांनी ही उणीव काही अंशी भरून काढली. फ्रान्झ यांनी गाडीत स्वतःच्या हाताने फेरफार करणाऱ्या हौशी मालकांकडे लक्ष वेधले, तर बोर्ग यांनी मेकॅनिक या व्यवसायाची सामाजिक घडण उलगडून दाखविली. भारतातील मोटारमालकाचा असा विचार करण्यास अद्याप बराच वाव आहे.

प्रस्तुत लेखात त्यासाठी स्पार्क प्लग हा एकच लहानसा भाग निवडला आहे. इंजिनाच्या ज्वलनकक्षात ज्याचे टोक सतत असते आणि तरीही जो एका पान्याने काही मिनिटांत बाहेर काढून नुसत्या डोळ्यांनी पाहता येतो, असा दुसरा भाग मोटारीत नाही. साहजिकच, आपल्या गाडीची सर्व्हिसिंग स्वतः करणाऱ्या मालकाचा पहिला पाठ प्लगचाच असे. पुढे हा पाठ मागे पडला. मालक आळशी झाले, हातात पैसा आला, म्हणून तो मागे पडला, असे सर्वसाधारणपणे समजले जाते. हे स्पष्टीकरण अपुरे आहे. प्लग घासूनपुसून साफ करण्याचे श्रम संपले, ते त्यांची गरज उरली नाही म्हणून. परंतु प्लग पाहून इंजिनाविषयी स्वतः निर्णय घेण्याची मालकाची क्षमता ज्या कारणांनी घटली, ती कारणे वेगळी आहेत. या दोन प्रक्रियांची गल्लत केल्यास मालक, मेकॅनिक आणि कंपनी यांच्या संबंधांत झालेला बदल नीट कळत नाही.

ठिणगीचा प्रश्न

मूळचा बेल्जियन, परंतु पॅरिसमध्ये स्थायिक झालेला संशोधक एतिएन लेन्वार याने १८६० मध्ये वायूवर चालणाऱ्या इंजिनाचे पेटंट घेतले. त्यात चिनी मातीचे विद्युतरोधक आवरण असलेला प्लग आणि रुमकॉर्फ कॉइल यांचा उपयोग केलेला होता. म्हणजे स्पार्क प्लग हा मोटारीपेक्षा पाव शतकाने जुना आहे. असे असूनही त्याचा मार्ग सरळ नव्हता. निकोलाउस ऑटोच्या १८७६ च्या चार-आघाती इंजिनात ज्योतीने प्रज्वलन होत असे. डाइमलर व मायबाख यांनी १८८० च्या दशकात बाहेरून तापविलेल्या नळीचा आधार घेतला. उपलब्ध असलेली ठिणगी नाकारून जाणत्या अभियंत्यांनी ज्योत आणि तप्त नळी पत्करली, यावरून त्या काळातील विजेच्या साधनांवर किती अविश्वास होता हे दिसून येते. कार्ल बेन्झ याने मात्र १८८६ च्या आपल्या तीनचाकी गाडीत बॅटरी, कंपन पावणारी कॉइल आणि प्लग हीच योजना ठेवली.

या अविश्वासाला कारण होते. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेन्झ आपल्या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला, सुमारे १०६ किलोमीटर, मोटारीने गेल्या. हा प्रवास पहिला लांब पल्ल्याचा मोटारप्रवास म्हणून प्रसिद्ध आहे. तथापि, येथे महत्त्वाचे आहे ते वाटेत त्यांनी केलेले काम. इंधनाची नळी तुंबली तेव्हा त्यांनी ती टोपीच्या पिनेने मोकळी केली आणि प्रज्वलनाची तार उघडी पडली तेव्हा मोज्याच्या बंदाने तिला आवरण घातले, असे सांगितले जाते. मोटारीच्या पहिल्या लांबच्या प्रवाशाला पहिल्याच प्रवासात प्रज्वलनाची दुरुस्ती करावी लागली. स्वतःची गाडी स्वतः दुरुस्त करणे ही मागाहून आलेली हौस नव्हती. मोटार चालविण्याचा तो अविभाज्य भाग होता.

प्लगला आज आपण ओळखतो ते रूप १९०२ मध्ये प्राप्त झाले. श्टुटगार्ट येथील रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातील अभियंता गॉटलोब होनोल्ड याने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्यासाठीचा प्लग एकत्रितपणे सिद्ध केला. प्लगच्या दोन इलेक्ट्रोडांमधील फटीत ठिणगी पडण्यासाठी किती व्होल्टेज लागेल, हे फट आणि तेथील वायूचा दाब या दोहोंवर अवलंबून असते. हा नियम फ्रीडरिश पाशेन याने १८८९ मध्ये मांडला होता. टेबलावर सहज पडणारी ठिणगी सिलिंडरमधील दाबाखाली पडेलच असे नाही, ही गोष्ट पुढे प्रत्येक गॅरेजमध्ये अनुभवाने कळली. तिचे शास्त्र मात्र मोटारीच्या बाल्यावस्थेतच उपलब्ध होते. काढलेला प्लग इंजिनाच्या धातूला टेकवून ठिणगी पाहण्याची परीक्षा सर्वत्र रूढ झाली खरी, पण ती अर्धीच परीक्षा होय. ठिणगी नसल्यास दोष नक्की आहे. ठिणगी असल्यास प्लग निर्दोष आहे असे मात्र म्हणता येत नाही.

निवड : आकड्यांची अडचण

प्लगचा व्यवसाय लवकरच मोठा झाला. १८९९ ची पॅरिस–रूबे सायकल शर्यत जिंकणारा आल्बेर शाम्पियाँ हा फ्रेंच सायकलपटू अमेरिकेत जाऊन प्लगचा कारखानदार झाला. त्याच्या आद्याक्षरांवरून ‘एसी’ हे नाव रूढ झाले. त्याच्याच आडनावाची ‘चॅम्पियन’ ही कंपनी स्ट्रॅनहन बंधूंच्या हाती राहिली. त्यामुळे दोन प्रतिस्पर्धी प्लगांची नावे एकाच माणसाच्या नावावरून पडली, ही या व्यवसायाच्या इतिहासातील एक गमतीची बाब आहे. इंग्लंडमध्ये रेडिओविषयक संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले भौतिकशास्त्रज्ञ ऑलिव्हर लॉज यांच्या मुलांनी ‘लॉज’ प्लग काढला, तर शर्यतपटू केनेल्म ली गिनेस याने अभ्रकाचे आवरण असलेला ‘केएलजी’. चिनी माती तडकते, अभ्रकात तेल मुरते. या दोन्ही अडचणींवर १९३० च्या दशकात भट्टीत घट्ट केलेल्या ॲल्युमिनाने मात केली आणि विद्युतरोधकाचा प्रश्न जवळजवळ मिटला.

मालकापुढचा निवडीचा प्रश्न मात्र मिटला नाही. प्लग निवडताना आट्यांचा व्यास, आट्यांची लांबी, बैठक सपाट की निमुळती, आणि उष्णतेची श्रेणी एवढ्या गोष्टी पाहाव्या लागतात. पैकी पहिल्या तीन मापाच्या आहेत. व्यास चुकला तर प्लग बसतच नाही. लांबी चुकली तर तो बसतो आणि नंतर घात करतो : आटे जास्त लांब असतील तर टोक पिस्टनवर आदळू शकते, आखूड असतील तर सिलिंडर हेडच्या रिकाम्या आट्यांत काजळी साचते. उष्णतेची श्रेणी हा खरा अवघड भाग होय.

प्लगच्या आतील विद्युतरोधकाचे नाक लांब असेल तर उष्णता बाहेर जाण्याचा मार्ग लांबतो आणि टोक तापलेले राहते. असा प्लग ‘गरम’. नाक आखूड असेल तर उष्णता चटकन निघून जाते, तो ‘थंड’. टोकाचे तापमान सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या वर राहिले तर त्यावरील काजळी आपोआप जळते. ते ८५० अंशांच्या बरेच वर गेले तर ठिणगीची वाट न पाहता तापलेले टोकच मिश्रण पेटविते आणि पिस्टनला भोक पडण्यापर्यंत मजल जाते. या दोन मर्यादांमध्ये टोक ठेवणे म्हणजे योग्य प्लग निवडणे. येथे एक गैरसमज फार जुना आहे. गरम प्लग लावल्याने ठिणगी अधिक जोरदार होते, असे अनेकांना वाटते. या संज्ञांचा ठिणगीच्या जोराशी काहीही संबंध नाही. त्या केवळ उष्णतेच्या निचऱ्याशी निगडित आहेत.

हा विषय कंपन्यांनी आकड्यांत मांडला आणि तेथे खरी गुंतागुंत सुरू झाली. बॉशच्या जुन्या पद्धतीत आकडा जितका मोठा तितका प्लग थंड असे. १४५ पेक्षा १७५ थंड, १७५ पेक्षा २२५ थंड. पुढे याच कंपनीने आकडे बदलले तेव्हा क्रमच उलटा झाला. जुन्या १७५ च्या जागी ७ आला, १४५ च्या जागी ८. म्हणजे आता मोठा आकडा गरम प्लगचा. चॅम्पियनमध्येही मोठा आकडा गरम. जपानच्या एनजीके आणि डेन्सो या कंपन्यांत नेमके उलट, मोठा आकडा थंड. एका कंपनीचा ‘एक आकडा वरचा’ प्लग सुचविणारा सल्ला दुसऱ्या कंपनीच्या प्लगला लावल्यास परिणाम उलट होणार हे उघड आहे. आट्यांची मापे काळाच्या ओघात सर्वांसाठी एक झाली, १४ मिलिमीटरचा व्यास जगभर मान्य झाला. उष्णतेच्या श्रेणीचे मात्र एकच परिमाण कधीच रूढ झाले नाही. तांत्रिकदृष्ट्या ते अशक्य होते असे वाटत नाही. प्रत्येक कंपनीची स्वतंत्र लिपी असणे हे ग्राहक आपल्याशी बांधून ठेवण्यास सोयीचे होते, असेच म्हणावे लागेल.

तपासणी : काजळीचे वाचन

निवड कंपनीच्या तक्त्यावरून होई. तपासणी मात्र पूर्णपणे मालकाची होती. तिची रीत दीर्घकाळ फारशी बदलली नाही. इंजिन थंड असताना प्लगच्या खोबणीतील धूळ आधी फुंकून काढायची, म्हणजे ती सिलिंडरमध्ये पडत नाही. प्लग काढल्यावर तो कोणत्या सिलिंडरचा हे विसरायचे नाही, कारण चार प्लगांची एकमेकांशी तुलना हाच तपासणीचा गाभा. नाकावर फिकट तपकिरी किंवा करडी छटा असेल तर सर्व ठीक. कोरडी, मऊ, काळी काजळी असेल तर पेट्रोलचे प्रमाण जास्त, किंवा हवेचा फिल्टर तुंबलेला, किंवा प्लग गरजेपेक्षा थंड. काळेपणा ओला आणि तेलकट असेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्हच्या गाइडमधून तेल वर येते आहे. नाक पांढरेफटक आणि त्यावर फोड असतील तर मिश्रण विरळ, ठिणगीची वेळ फार आधीची किंवा प्लग गरजेपेक्षा गरम. चारही प्लग सारखे काळे असतील तर दोष कार्बोरेटरकडे. एकच काळा असेल तर त्या सिलिंडरकडे. हा साधा तर्क कोणत्याही उपकरणाविना दोषाची दिशा दाखवीत असे.

यानंतर फट. फीलर गेजचे ठरलेले पाते फटीतून किंचित घासत जावे. जुन्या इंजिनांत ही फट साधारण ०.६ मिलिमीटर असे. कमीजास्त करताना बाजूचा इलेक्ट्रोडच वाकवायचा, मधल्याला धक्का लावायचा नाही, कारण त्याने चिनी माती तडकते. प्लग परत बसविताना आधी हाताने फिरवायचा आणि शेवटीच पाना लावायचा. नव्या वॉशरचा प्लग बोटांनी घट्ट झाल्यावर आणखी अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा पुरतो. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये जोर लावून आटे उडविण्याचे प्रकार जगात सर्वत्र झाले आहेत, आणि ते बहुधा अनुभवी हातांकडूनच.

अशा तपासणीची वारंवार गरज का पडे, हा इतिहासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा प्रश्न आहे. तेल जाळणाऱ्या रिंगा, ओबडधोबड कार्बोरेटर, दुर्बल कॉइल ही कारणे होतीच. त्यांत १९२३ पासून एका नव्या कारणाची भर पडली. जनरल मोटर्समधील थॉमस मिजली याने १९२१ मध्ये टेट्राएथिल लेड या संयुगाचा खटखट थांबविणारा गुणधर्म शोधला आणि फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटन येथे शिसेयुक्त पेट्रोलची विक्री सुरू झाली. या शिशाने माणसांचे काय केले तो इतिहास आता सर्वज्ञात आहे. त्याने प्लगचे काय केले हे मात्र कमी सांगितले जाते. शिशाची संयुगे प्लगच्या नाकावर आणि व्हॉल्व्हवर साचू लागली; ती वाफेच्या रूपात बाहेर जावीत म्हणून पेट्रोलमध्ये एथिलीन डायब्रोमाइड मिसळावे लागले. तरीही थर पूर्णपणे थांबले नाहीत. गॅरेजांत वाळूसारख्या चूर्णाच्या फवाऱ्याने प्लग साफ करणारी यंत्रे आली, आणि दर १०,००० मैलांना प्लग बदला असा प्रचार चॅम्पियनने जाहिरातींतून चालविला. एकीकडे साफ करण्याचे यंत्र, दुसरीकडे बदलण्याचा आग्रह : प्लग हा जपून वापरण्याचा जिन्नस की टाकून देण्याचा, हा वाद कारखानदारांच्या पातळीवर तेव्हाच सुरू झालेला होता.

युद्धोत्तर ब्रिटनमध्ये स्वतः सर्व्हिसिंग करणारा मालक हा एक मोठा वाचकवर्ग झाला. जॉन हेन्स यांची पहिली कार्यशाळा-पुस्तिका १९६६ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रत्यक्ष गाडी संपूर्ण खोलून आणि पुन्हा जोडून ती लिहिलेली होती. प्लगच्या निरनिराळ्या अवस्थांची रंगीत छायाचित्रे अशा पुस्तिकांचा ठरलेला भाग बनली. गॅरेजमध्ये तोंडी चालणारे ज्ञान त्यामुळे छापील आणि सार्वजनिक झाले.

मुंबई आणि महाराष्ट्र : पाना कोणाच्या हाती?

भारतात परिस्थिती निराळी होती. येथे मोटार आली ती ड्रायव्हर आणि क्लीनर यांच्यासह. गाडीचा मालक आणि गाडीखाली शिरणारा माणूस हे दीर्घकाळ दोन वेगळ्या सामाजिक स्तरांतले होते, आणि हात काळे करणे हे प्रतिष्ठेला बाधक मानले जात होते. प्लगचे ज्ञान गॅरेजमध्ये उस्तादाकडून चेल्याकडे जाई. १९५० मध्ये केंद्र सरकारने कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केल्यानंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून मोटार मेकॅनिकचे रीतसर शिक्षण मिळू लागले. तरी बहुसंख्य हात उस्तादाच्याच शाळेतले राहिले.

या चित्रात मध्यमवर्गीय मालकाचा प्रवेश झाला तो परवाना-राजवटीत. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून फियाट ११०० आणि पुढे तिचेच नाव बदललेली प्रीमियर पद्मिनी बाहेर पडत होती. नोंदणी केल्यानंतर गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. मिळालेली गाडी त्यामुळे पंधरा-वीस वर्षे टिकवणे भागच होते. १,०८९ घन सेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे हे इंजिन स्वतः हाताळण्यास अत्यंत सोयीचे होते. बॉनेट उघडले की कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर आणि चारही प्लग समोर. प्लगही देशी मिळू लागले होते. बॉशच्या सहकार्याने १९५१ मध्ये बंगळुरू येथे स्थापन झालेल्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीचा ‘मायको’ प्लग घरोघरी माहीत झाला. २००८ मध्ये या कंपनीचे नाव बॉश लिमिटेड झाले. या कंपनीचा महाराष्ट्रातील कारखाना नाशिकचा, १९६९ चा. मात्र त्याची ओळख डिझेलच्या नोझलांसाठी, म्हणजे ज्या इंजिनाला स्पार्क प्लग लागतच नाही त्याच्या भागांसाठी, झाली.

मोटारीपेक्षाही स्कूटरने महाराष्ट्राला प्लग शिकविला असे म्हटले तर वावगे ठरणार नाही. आकुर्डीच्या बजाज कारखान्यातून १९७२ पासून निघालेल्या चेतकचे इंजिन दोन-आघाती होते. पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागे आणि ते तेल प्लगवर काजळी धरी. डिकीत जादा प्लग, प्लगपाना आणि पॉलिश पेपरचा तुकडा बाळगणे ही सर्वसाधारण रीत होती. पाना कधी हाती न धरलेले शिक्षक, कारकून आणि बँक कर्मचारी रस्त्याच्या कडेला प्लग घासू लागले ते या स्कूटरमुळे. पुढे त्यांच्यापैकी ज्यांच्या दारात मोटार आली, त्यांना बॉनेट उघडण्याचा संकोच उरलेला नव्हता. ‘प्लगने काजळी धरली’, ‘करंट येत नाही’, ‘गाडी मिसिंग करते’ हे शब्दप्रयोग मराठी घरांत रुळले ते याच काळात.

मुंबईच्या रहदारीमुळे निवडीचा प्रश्नही जिवंत झाला. सिग्नलपासून सिग्नलपर्यंत रेंगाळणाऱ्या गाडीत प्लगचे टोक स्वतःची काजळी जाळण्याइतके तापत नाही. तीच गाडी भरलेल्या अवस्थेत बोरघाट चढू लागली की ते पुरेसे तापते. शहरासाठी किंचित गरम आणि घाटासाठी किंचित थंड प्लग, ही निवड केवळ पुस्तकी नव्हती. नव्वदीच्या दशकाअखेर टॅक्सींमध्ये सीएनजी आला तेव्हा तिला आणखी एक पैलू लाभला. वायूच्या मिश्रणात ठिणगी पाडण्यास अधिक व्होल्टेज लागते. झिजलेली, रुंदावलेली फट पेट्रोलवर खपून जाते, सीएनजीवर मात्र गाडी लगेच मिसिंग करू लागते. त्यामुळे प्लग लवकर बदलणे आणि फट थोडी कमी ठेवणे टॅक्सीचालकांच्या अंगवळणी पडले. ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेल्या अखेरच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, आणि या पिढीच्या इंजिनाचा मुंबईतील टॅक्सी-व्यवसायाशी असलेला संबंध संपुष्टात आला.

या काळात प्लगने मालकाला आणखी एक गोष्ट सांगितली, ती म्हणजे पेट्रोलमधील भेसळ. अनुदानित रॉकेल स्वस्त असल्याने ते पेट्रोल-डिझेलमध्ये मिसळण्याचा धंदा देशभर फोफावला. त्या धंद्याच्या मागे किती निर्घृण शक्ती होत्या हे २५ जानेवारी २०११ रोजी दिसून आले. मनमाडजवळ भेसळीवर कारवाई करण्यास गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. सामान्य मालकापाशी या भेसळीविरुद्ध ना प्रयोगशाळा होती, ना अधिकार. नेहमीचा पंप बदलल्यावर आठवड्याभरात काळे पडलेले प्लग आणि चढणीवर वाढलेली खटखट, एवढाच पुरावा त्याच्या हाती येई. न्यायालयात तो टिकला नसता. पंप बदलण्यास मात्र पुरेसा होता.

शिसे गेले, रंग गेला

१४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती आली. ७९६ घन सेंटिमीटरच्या तीन सिलिंडरांच्या या इंजिनाला तीनच प्लग. सुरुवातीची ही गाडी कार्बोरेटरवरच चालत होती आणि मालकाला ती परकी नव्हती. मोठा बदल झाला तो इंधनात. १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि शिसेविरहित पेट्रोल आले. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसे बंद झाले. त्याच सुमारास कार्बोरेटरची जागा एमपीएफआय प्रणालीने घेतली.

या बदलाने हवेतील शिसे कमी झाले, हा लाभ निर्विवाद आहे. प्लगही दीर्घायुषी झाले. डेन्सोने १९९७ मध्ये ०.४ मिलिमीटर जाडीच्या इरिडियमच्या टोकाचा प्लग आणला. इरिडियम वितळते सुमारे २,४४६ अंश सेल्सिअसला, प्लॅटिनम १,७६८ अंशांना, आणि जुन्या प्लगातील निकेल १,४५५ अंशांना. साध्या प्लगचे आयुष्य पंधरा-वीस हजार किलोमीटर. इरिडियमचे लाखाच्या घरात. असा प्लग घासणे किंवा त्याच्या फटीत साधन घालून उचकणे म्हणजे बारीक टोक मोडणे होय. येथे मालकाचे श्रम संपले आणि त्यांबद्दल हळहळण्याचे कारण नाही. ३,००० फेऱ्यांना प्रत्येक प्लग सेकंदाला २५ ठिणग्या टाकतो. हे काम लाखभर किलोमीटर बिनतक्रार करणारी वस्तू ही मोठी तांत्रिक सिद्धी आहे.

मात्र याच बदलाने वाचनही अवघड केले. प्लगच्या नाकावरील रंग बऱ्याच अंशी शिशाच्या आणि इतर मिश्रकांच्या थरांचा होता. शिसे गेल्यावर प्लग फिकट दिसू लागले आणि जुने रंगीत तक्ते फसवे ठरले. त्यातच ऑक्सिजन सेन्सर मिश्रणाचे प्रमाण क्षणोक्षणी दुरुस्त करीत असल्याने पूर्वी प्लगवर उमटणारा दोष आता संगणक झाकून टाकतो. दोष असतो, पण त्याची नोंद काजळीत न होता आकड्यांत होते. आणि ते आकडे कोणी वाचावेत, हा प्रश्न तंत्राचा न राहता मालकीचा होतो.

हे भारतात स्पष्टपणे पुढे आले ते २०१४ मध्ये. सुटे भाग, तांत्रिक माहिती आणि दोषनिदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांना उपलब्ध करून न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. निर्णयाविरुद्ध अपिले झाली, दंडाच्या रकमेवर वाद झाले; परंतु आयोगासमोर आलेली तक्रार महत्त्वाची आहे. मेकॅनिकचे कौशल्य कमी पडत नव्हते. त्याच्यापर्यंत माहिती पोहोचत नव्हती. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयीचे पोर्टल सुरू केले, ते याच प्रश्नाचे पुढचे पाऊल होते. २०२० च्या डिसेंबरमध्ये हेन्स प्रकाशनाने नव्या गाड्यांच्या छापील कार्यशाळा-पुस्तिका थांबवीत असल्याचे जाहीर केले होते. सार्वजनिक झालेले ज्ञान पुन्हा मोजक्या हातांत जाण्याची ही दुसरी बाजू.

संकेतांक आणि प्लग

येथे मात्र चित्र एकांगी रंगवून चालणार नाही. अमेरिकेत १९९६ पासून आणि भारतात टप्प्याटप्प्याने २०१० व २०१३ पासून बंधनकारक झालेल्या ओबीडी प्रणालीत काही संकेतांक सर्व कंपन्यांना समान आहेत. बॉशपासून एनजीकेपर्यंत उष्णतेच्या श्रेणीबाबत जे एकमत कधी झाले नाही, ते प्रदूषणविषयक कायद्याने संकेतांकांबाबत घडवून आणले. क्रँकशाफ्टच्या गतीतील सूक्ष्म अडखळ मोजून संगणक कोणत्या सिलिंडरमध्ये ठिणगी चुकली हे ओळखतो. पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी०३०२ म्हणजे दुसरा. अल्प किमतीचे वाचक-यंत्र गाडीच्या सॉकेटला जोडून मालकालाही तो आकडा पाहता येतो. वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल २०२५ मध्ये देशभर सर्रास मिळू लागले आणि जुन्या गाड्यांच्या मालकांत शंका निर्माण झाल्या, तेव्हा अशा यंत्रांवरील इंधन-दुरुस्तीचे आकडे पाहणारे मालक आणि मेकॅनिक काही अंशी तेच करीत होते, जे त्यांच्या आधीची पिढी काळा पडलेला प्लग उन्हात धरून करीत असे.

तरीही संकेतांक स्थळ सांगतो, कारण सांगत नाही. पी०३०२ दिसला म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये ज्वलन चुकते आहे एवढे कळते; प्लग झिजला आहे, कॉइल गेली आहे, इंजेक्टर तुंबला आहे की कॉम्प्रेशनच कमी आहे, हे कळत नाही. यासाठी गॅरेजांत आजही चालणारी रीत अशी : दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर लावायची, संकेतांक पुसायचा आणि गाडी फिरवून आणायची. पी०३०३ आला तर दोष कॉइलचा. पी०३०२ कायम राहिला तर पाना हाती घ्यायचा, दोन्ही प्लगांची अदलाबदल करून पुन्हा पाहायचे. आणि ते करताना बाहेर आलेल्या दुसऱ्या प्लगचे नाक कोरडे आहे की तेलकट, हे आधी उजेडात पाहून घ्यायचे.